मेंदूतील पेप्टाइड संप्रेरके, वर्तन आणि अफूसदृश रसायने: यांचा परस्परसंबंध नेमका काय आहे?

निरगुडी:

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. अंतःस्रावी ग्रंथींचा पाठ शिकवताना येणारी एक अडचण यंदा मुलांनीच स्पष्ट शब्दांत मांडली, म्हणून ती येथे मांडत आहे. पाठ्यपुस्तकात पीयूषिका ग्रंथीच्या संप्रेरकांची यादी असते आणि प्रत्येकासमोर त्याचे एक ठरावीक काम लिहिलेले असते. एसीटीएच अधिवृक्क ग्रंथीला चालना देते, एमएसएच रंगद्रव्याशी निगडित असते, व्हॅसोप्रेसिन शरीरातील पाणी राखते आणि ऑक्सिटोसिन प्रसूती व स्तन्यपान यांसाठी लागते. मुले मोबाइलवर जे पाहतात त्यात मात्र एंडॉर्फिन म्हणजे ‘आनंदाचे’ आणि ऑक्सिटोसिन म्हणजे ‘प्रेमाचे’ संप्रेरक असते. या दोन चित्रांची सांगड कशी घालावी, हे मला समाधानकारकपणे सांगता आलेले नाही.

माझ्या शंका अशा आहेत. शरीरातील ग्रंथींसाठी तयार होणारी ही पेप्टाइडे (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) मेंदूवर आणि वर्तनावर स्वतंत्रपणे परिणाम करतात का, की जो परिणाम दिसतो तो केवळ अधिवृक्क किंवा इतर ग्रंथींमार्फत होतो? अफू व मॉर्फिन ज्या व्यवस्थेवर काम करतात तिच्याशी या पेप्टाइडांचा संबंध कसा जोडला गेला? ऑक्सिटोसिनच्या शेवटच्या तीन अमिनो आम्लांचा तुकडा मॉर्फिनच्या विरुद्ध काम करतो, असे मी एका जुन्या संदर्भग्रंथात वाचले. एका संप्रेरकाच्या शेपटीला असा वेगळाच स्वभाव कसा असू शकतो, हे कळत नाही. एंडॉर्फिन आणि व्यायाम यांबद्दल जे सर्रास सांगितले जाते त्यात तथ्य किती, हेही जाणकारांनी सांगावे. वर्गात चुकीचे काही सांगितले जाऊ नये, एवढीच तळमळ आहे.

धन्वी:

निरगुडीताई, आपली पहिली शंका हीच या विषयाची सुरुवात आहे. उट्रेख्ट येथील डेव्हिड डी वीड यांनी 1960 च्या दशकात नेमका हाच प्रश्न पांढऱ्या उंदरांवरील प्रयोगांतून तपासला. पीयूषिका ग्रंथीचा पुढचा भाग काढलेले उंदीर, सूचना मिळताच पिंजऱ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन विजेचा सौम्य झटका टाळायचा, हे धड शिकू शकत नव्हते. त्यांना एसीटीएच दिले की ते शिकत. यावर साहजिक आक्षेप असा की एसीटीएचमुळे अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिकोस्टेरॉइड स्रवले आणि त्यामुळे जनावराची एकूण प्रकृती सुधारली. हा आक्षेप दूर करण्यासाठी त्यांनी एसीटीएचच्या 39 अमिनो आम्लांपैकी चौथ्यापासून दहाव्यापर्यंतचा, अवघ्या सात दुव्यांचा तुकडा वापरला. या तुकड्यात अधिवृक्क ग्रंथीला जागे करण्याची ताकद जवळजवळ नसते, तरीही शिकण्यावर त्याचा परिणाम कायम राहिला. म्हणजे एकाच पेप्टाइडात ग्रंथीसाठीचा संदेश आणि मेंदूसाठीचा संदेश वेगवेगळ्या भागांत असू शकतो, हे यातून पुढे आले. पीयूषिकेचा मागचा भाग काढलेल्या उंदरांत वेगळीच गोष्ट दिसली. ते शिकत होते, परंतु शिकलेले लवकर सोडून देत होते, आणि व्हॅसोप्रेसिन दिल्यावर ते वर्तन टिकून राहत होते. ‘न्यूरोपेप्टाइड’ ही संज्ञा 1970 च्या सुमारास याच संशोधनातून रूढ झाली.

माझ्या मते आपल्या पाठ्यपुस्तकांनी हा एक प्रयोग तरी द्यायला हवा. संप्रेरकाचे नाव त्याच्या पहिल्या सापडलेल्या कामावरून पडते आणि पुढे ते नावच आपल्या विचारांना वेसण घालते, हे मुलांना त्यातून लगेच समजते.

आता अफूशी असलेला संबंध पाहू. 1973 मध्ये बाल्टिमोर येथे पर्ट व स्नायडर, न्यूयॉर्क येथे सायमन आणि उप्साला येथे टेरेनियस यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवून दिले की मेंदूत मॉर्फिनसारखे पदार्थ बांधून घेणारे ग्राही असतात. खसखशीच्या झाडातील रसासाठी मेंदूने ग्राही बाळगले असतील हे संभवत नाही, त्यामुळे शरीराचा स्वतःचा असा पदार्थ असलाच पाहिजे, हे उघड होते. 1975 मध्ये ॲबर्डीन येथे ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून दोन एन्केफॅलिने वेगळी काढली. प्रत्येकात पाच अमिनो आम्ले आहेत. पहिली चार सारखीच (टायरोसिन, ग्लायसिन, ग्लायसिन, फेनिलॲलॅनिन) आणि पाचवे एकात मेथिओनिन, तर दुसऱ्यात ल्युसिन. यातील मेथिओनिनचा क्रम हुबेहूब बीटा-लिपोट्रॉपिन या पीयूषिकेतील एका मोठ्या पेप्टाइडात आढळतो, हे त्याच वेळी लक्षात आले. चो हाओ ली यांनी हे लिपोट्रॉपिन 1960 च्या दशकातच मेंढ्यांच्या पीयूषिकेतून मिळवले होते. पुढे त्यांनी उंटांच्या पीयूषिकेत ते शोधले, तेव्हा पूर्ण रेणू फारसा मिळाला नाही. मिळाला तो त्याचा शेवटचा 31 अमिनो आम्लांचा तुकडा. तेच बीटा-एंडॉर्फिन, त्याचा वृत्तांत 1976 मध्ये प्रसिद्ध झाला.

1979 मध्ये क्योटो येथील नाकानिशी, नुमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या जनुकीय प्रतीचा क्रम वाचला, त्यातून आपल्या दोन चित्रांचा सांधा सापडतो. एसीटीएच, एमएसएच आणि बीटा-एंडॉर्फिन ही सगळी प्रो-ओपिओमेलॅनोकॉर्टिन नावाच्या एकाच मोठ्या प्रथिनातून कापून तयार होतात. कोणत्या पेशीत कोणती विकरे आहेत, यावर त्यातून काय निघणार हे ठरते. पीयूषिकेच्या पुढच्या भागात मुख्यतः एसीटीएच तयार होते, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात त्याच एसीटीएचचे आणखी तुकडे होऊन आल्फा-एमएसएच मिळते. ताणाच्या प्रसंगी पीयूषिकेतून एसीटीएच आणि बीटा-एंडॉर्फिन एकाच वेळी स्रवतात, हे गिलेमिन यांच्या गटाने 1977 मध्ये दाखवले होते. त्याचे कारण या शोधाने स्पष्ट झाले.

वर्तनातील एक जवळून पाहण्यासारखे उदाहरण द्यावेसे वाटते. एसीटीएचचा सूक्ष्म डोस उंदराच्या मेंदूतील द्रवात सोडला, तर तो थोड्या वेळाने स्वतःचे अंग साफ करू लागतो. पुढचे पाय तोंडावरून फिरवतो, मग कूस, मग शेपटी, आणि हे बराच वेळ थांबतच नाही. उट्रेख्ट येथेच गिस्पेन आणि वीगांट यांनी 1976 मध्ये दाखवले की मॉर्फिनचा प्रभाव उतरवणारे औषध दिले की हे अतिरेकी अंग साफ करणे दबते. एसीटीएच स्वतः अफूसदृश नाही, तरीही त्याने जागवलेल्या वर्तनाची वाट कोठेतरी अफूच्या ग्राहींवरून जाते.

आता आपण वाचलेल्या तुकड्याविषयी. ऑक्सिटोसिनची शेवटची तीन अमिनो आम्ले म्हणजे प्रोलिन, ल्युसिन आणि अमाइडयुक्त ग्लायसिन. नायर, कॅस्टिन आणि शॅली यांनी 1971 मध्ये हाच तुकडा गाईगुरांच्या हायपोथॅलॅमसमधून वेगळा काढला. एमएसएचचा स्राव रोखणारा घटक म्हणून त्याला एमआयएफ-1 असे नाव मिळाले. न्यू ऑर्लिन्स येथील ॲबा कॅस्टिन यांनी त्याचा पाठपुरावा कित्येक वर्षे केला. उंदराच्या शेपटीवर उष्णतेचा झोत टाकून तो शेपटी किती वेळाने बाजूला घेतो हे मोजण्याची जी पद्धत आहे, तीत हा तुकडा मॉर्फिनचे वेदनाशमन कमी करतो, असे त्यांच्या गटाला आढळले. 1979 मध्ये वॉल्टर, रिट्झमन, भार्गव आणि फ्लेक्सनर यांनी हा तुकडा आणि त्याच्या जवळचे रेणू उंदरांत मॉर्फिनचे शारीरिक अवलंबित्व निर्माण होऊ देत नाहीत, असे प्रसिद्ध केले. मात्र त्याआधी 1976 मध्ये व्हान री आणि डी वीड यांना याच तुकड्याने अवलंबित्व वाढलेले दिसले होते. दोन्ही गट नावाजलेले आणि दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी होते. प्राण्याची जात, डोस, देण्याची वेळ आणि वेळापत्रक, या सगळ्यांत फरक होता. नैराश्याच्या रुग्णांवरील छोट्या चाचण्यांतही कमी डोसाचा उपयोग अधिक डोसापेक्षा जास्त झाल्याचे एरेन्सिंग आणि कॅस्टिन यांनी 1978 मध्ये नोंदवले. डोस वाढवला की परिणाम वाढतो, हे आपण औषधांबाबत गृहीत धरतो; पेप्टाइडांच्या बाबतीत ते गृहीतक वारंवार कोसळते. अशा वेळी एका प्रयोगावरून मुलांना ठाम विधान सांगणे मला धोक्याचे वाटते.

या तुकड्याची कथा मात्र तेथे संपली नाही. त्याच्या पुढे एक टायरोसिन जोडलेला आणि ल्युसिनच्या जागी ट्रिप्टोफॅन असलेला नातलग मेंदूत सापडला, आणि तो अफूच्या म्यू ग्राहींना चिकटत होता (अफूच्या ग्राहींचे म्यू, डेल्टा आणि कॅपा असे प्रकार आहेत, आणि मॉर्फिन मुख्यतः म्यूवर काम करते). झाडिना, कॅस्टिन आणि सहकाऱ्यांनी त्या चार दुव्यांच्या साखळीत शेवटच्या जागी प्रत्येक नैसर्गिक अमिनो आम्ल बसवून पाहिले. फेनिलॲलॅनिन बसवलेला रेणू सर्वांत प्रभावी ठरला. मग त्यांनी तोच रेणू गाईच्या मेंदूत शोधला आणि तो तेथे मिळाला. 1997 मध्ये ‘एंडोमॉर्फिन’ या नावाने तो जाहीर झाला. म्यू ग्राहीविषयी त्याची निवड डेल्टा ग्राहीच्या तुलनेत सुमारे 4,000 पट आहे. ज्या घराण्याचा अभ्यास मॉर्फिनविरोधी म्हणून चालला होता, त्याच घराण्यातून म्यू ग्राहीचा इतका एकनिष्ठ साथी निघाला. त्याचे पूर्वप्रथिन, म्हणजे ज्यातून तो कापला जात असेल ते मोठे प्रथिन, तयार करणारे जनुक मात्र अद्याप कोणालाही सापडलेले नाही.

गोठ्यावरून:

मी पशुवैद्यक आहे. धन्वी सरांनी रेण्वीय बाजू मांडली आहे. ऑक्सिटोसिन आणि अफूसदृश पेप्टाइडे यांचा संबंध दुभत्या जनावरात ज्या स्पष्टपणे दिसतो तो मी मांडतो.

वासराने सडाला तोंड लावले, कास धुतली, समोर आंबोणाची पाटी आली, की गाय पान्हवते. हे सगळे संकेत मेंदूपर्यंत जातात, हायपोथॅलॅमसमधील पेशी पीयूषिकेच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन रक्तात सोडतात आणि ते कासेतील आकुंचनशील पेशींना आवळते. जागा बदलली, धार काढणारा माणूस बदलला, जनावर बिचकले, की ते पान्हा चोरते. अशा वेळी कास भरलेली असते आणि त्या पेशीही ठीक असतात. ऑक्सिटोसिनच मेंदूतून सुटत नाही. बाहेरून ऑक्सिटोसिन दिल्यास दूध लगेच उतरते, यावरून अडथळा कासेत नसून वर आहे, हे कळते. दुभत्या गाईंना प्रयोगात मॉर्फिन दिल्यावरही धारेच्या वेळी होणारा ऑक्सिटोसिनचा स्राव दबल्याचे दिसले आहे.

हे नियंत्रण कसे चालते याचा सर्वांत चांगला अभ्यास पांढऱ्या उंदरांत झाला आहे. ऑक्सिटोसिन तयार करणाऱ्या चेतापेशींवर अफूसदृश पेप्टाइडांचा दाब असतो, आणि गर्भारपणाच्या शेवटी या दाबामुळे ऑक्सिटोसिन वेळेआधी न सुटता साठून राहते. विताना मॉर्फिन दिले तर पिल्ले बाहेर येण्याची क्रिया रेंगाळते. त्याहून बोलका प्रयोग असा आहे की उंदराला काही दिवस सतत मॉर्फिन देऊन त्याच्या ऑक्सिटोसिन पेशींना त्याची सवय लावली आणि मग नॅलोक्सोन देऊन मॉर्फिनचा प्रभाव एकदम काढून घेतला, तर त्या पेशी कमालीच्या उत्तेजित होतात आणि रक्तात ऑक्सिटोसिनचा लोंढा येतो. व्यसनी माणसाला औषध अचानक बंद केल्यावर जे होते, त्याचीच एका पेशीसमूहापुरती ही प्रतिकृती आहे.

निरगुडीताई, ऑक्सिटोसिनला ‘प्रेमाचे संप्रेरक’ म्हणण्याबद्दल आपल्याला वाटणारी शंका रास्त आहे. मेंढीच्या मेंदूतील द्रवात ऑक्सिटोसिन सोडल्यावर ती परक्या कोकरालाही जवळ घेते, हे केंड्रिक आणि केव्हर्न यांनी 1987 मध्ये दाखवले. परंतु तोच पदार्थ गाईला स्नायूत टोचला तर तिच्या मायेत काहीही फरक पडत नाही, कारण रक्तातील ऑक्सिटोसिन मेंदूत फारच अल्प प्रमाणात शिरते. शिवाय जातींमध्ये मोठा फरक आहे. मॉर्फिनमुळे उंदरीण पिलांची काळजी घेणे सोडते. मेंढीत मात्र, ऑक्सिटोसिन सुटण्याजोगी योनिमार्गाची चेतना मिळाल्यानंतर, मॉर्फिनने कोकराचा स्वीकार वाढल्याचे आढळले आहे. एका जातीवरील निष्कर्ष दुसरीला चिकटवताना हे ध्यानात ठेवावे.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दूध काढण्यासाठी रोज ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन टोचण्याची जी वाईट सवय अनेक गोठ्यांत लागली आहे, तिचा परिणाम असा होतो की कालांतराने जनावराचा नैसर्गिक पान्हाच कमकुवत होतो, आणि मग इंजेक्शनाशिवाय ते पूर्ण दूध सोडत नाही. पूर्वी काही ठिकाणी ‘फुका’ नावाचा क्रूर प्रकार करत. जननमार्गात हवा फुंकून दूध उतरवत. त्यामागेही ऑक्सिटोसिनचीच प्रतिक्षिप्त क्रिया होती. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 मध्ये फुका आणि जनावराच्या प्रकृतीला अपायकारक अशी दूधवाढीची इंजेक्शने, दोन्हींना मनाई आहे. विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतले असतील तर त्यांना हे अवश्य सांगावे.

सांजवात:

मी मानसोपचार आणि व्यसनमुक्ती या क्षेत्रात काम करते. वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. माणसाच्या संदर्भात तीन पेप्टाइडांची भर घालते, कारण त्यांच्याशिवाय अफूसदृश व्यवस्था एकतर्फी ‘सुखाची व्यवस्था’ भासते.

पहिले डायनॉर्फिन. स्टॅनफर्ड येथील ॲव्रॅम गोल्डस्टीन यांनी ते 1979 मध्ये ओळखले. त्याच्या सुरुवातीला ल्युसिनयुक्त एन्केफॅलिनचाच क्रम आहे, म्हणजे कुळाने ते अफूसदृशच आहे, परंतु ते मुख्यतः कॅपा ग्राहींवर काम करते. या ग्राहींना चेतवणारी औषधे माणसाला दिली की सुख वाटत नाही. अस्वस्थता, उदासी आणि वास्तवापासून तुटल्यासारखे वाटते. दुसरे सीआरएफ, म्हणजे ताणाच्या वेळी एसीटीएच सोडायला सांगणारे 41 अमिनो आम्लांचे पेप्टाइड. सॉल्क संस्थेतील व्हेल यांच्या गटाने ते 1981 मध्ये शोधले. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसते की ताणात सीआरएफ मेंदूमध्ये डायनॉर्फिनची व्यवस्था जागवते, आणि ताणाशी जोडलेली जी नकोशी भावना जनावर पुढे टाळू पाहते तिचा मोठा भाग या कॅपा ग्राहींवर अवलंबून असतो. व्यसन सुटून कित्येक महिने झालेला माणूस घरातील एखाद्या भांडणानंतर किंवा नोकरी गेल्यानंतर पुन्हा घसरतो, तेव्हा नातेवाईक म्हणतात की त्याला मजा करायची सवय लागली आहे. माझा अनुभव असा की त्या क्षणी त्याला मजा हवी नसते, असह्य झालेली अस्वस्थता थांबवायची असते. ही प्राण्यांवरील संशोधने त्या अनुभवाशी जुळतात, आणि म्हणूनच व्यसनाला केवळ चैनीची हौस समजण्याला माझा विरोध आहे.

तिसरे कोलेसिस्टोकायनिन. पित्ताशयाला आकुंचित करणारे आतड्याचे संप्रेरक म्हणून 1928 मध्ये त्याची ओळख झाली; पुढे तेच पेप्टाइड मेंदूतही भरपूर असल्याचे आढळले. ते मॉर्फिनच्या वेदनाशमनाला विरोध करते. 1978 मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर अभ्यास केला, त्यात वेदनाशामक म्हणून दिलेल्या निष्क्रिय औषधानेही ज्यांना आराम पडला होता, त्यांचा आराम नॅलोक्सोनने कमी झाला. म्हणजे ‘औषध मिळाले’ या विश्वासाने शरीराची स्वतःची अफूसदृश पेप्टाइडे कामाला लागतात. इटलीतील फाब्रित्सिओ बेनेदेत्ती यांनी पुढे दाखवले की कोलेसिस्टोकायनिनला अडवणारे औषध दिले तर हा निष्क्रिय औषधाचा आराम वाढतो. आणि ‘आता दुखणे वाढेल’ असे सांगितल्याने जी वेदना वाढते, ती त्याच औषधाने रोखली जाते. रुग्णाशी बोलताना शब्द जपून वापरावेत, या आपल्याकडील वडीलधाऱ्या डॉक्टरांच्या शिकवणीला इतका ठोस जैविक आधार आहे.

व्यायामाबद्दल विचारले आहे म्हणून सांगते. 2008 मध्ये जर्मनीतील बोकर यांच्या गटाने दहा धावपटूंची दोन तास धावल्यानंतर पीईटी (मेंदूतील ग्राहींची स्थिती दाखवणारी चित्रण पद्धत) तपासणी केली, तेव्हा मेंदूच्या काही भागांत अफूसदृश पेप्टाइडे सुटल्याची चिन्हे मिळाली आणि ती धावपटूंनी सांगितलेल्या आनंदाशी जुळत होती. परंतु 2021 मध्ये 63 व्यक्तींवर झालेल्या प्रयोगात अफूचे ग्राही नाल्ट्रेक्सोनने अडवूनही धावण्याचा आनंद कमी झाला नाही. शरीरातील भांगसदृश रसायनांकडे बोट दाखवणारा पुरावा आता अधिक आहे. ‘व्यायामाने एंडॉर्फिन वाढते आणि म्हणून आनंद होतो’ हे वाक्य वर्गात इतक्या सरळपणे सांगू नये, असे मला वाटते. नाकात फवारायच्या ऑक्सिटोसिनचेही तसेच आहे. स्वमग्नता असलेल्या 290 मुलांवर 24 आठवडे चाललेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचा सामाजिक वर्तनावर निष्क्रिय फवाऱ्यापेक्षा अधिक लाभ आढळला नाही. पालक आशेने विचारतात, त्यांना हे हळुवारपणे परंतु स्पष्ट सांगावे लागते.

निरगुडी:

आपण तिघांनीही इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. यातून एक नवी शंका आली. रक्तातील पेप्टाइडे मेंदूत फारशी शिरत नसतील, तर ताणात पीयूषिकेतून एसीटीएचबरोबर जे बीटा-एंडॉर्फिन रक्तात येते त्याचा मेंदूतील वेदना वा भावनांशी काय संबंध? आणि बीटा-एंडॉर्फिनचे वर्तनातील काम नेमके त्याचेच आहे, एन्केफॅलिनचे किंवा इतर कशाचे नाही, हे वेगळे काढून दाखवता आले आहे का?

धन्वी:

निरगुडीताई, पीयूषिकेतील बीटा-एंडॉर्फिन आणि मेंदूतील बीटा-एंडॉर्फिन यांना दोन वेगळे साठे समजावे. मेंदूतील बीटा-एंडॉर्फिन प्रामुख्याने हायपोथॅलॅमसच्या तळाशी असलेल्या आर्क्युएट केंद्रकातील चेतापेशी तयार करतात आणि त्यांचे तंतू मेंदूच्या अनेक भागांत, विशेषतः वेदना नियंत्रित करणाऱ्या मध्यमेंदूतील भागात पोहोचतात. रक्तातील पातळी मोजून मेंदूत काय चालले आहे याचा अंदाज बांधणे म्हणूनच फसवे ठरते. त्यात आणखी एक गुंतागुंत आहे. बीटा-एंडॉर्फिनच्या पहिल्या टायरोसिनवर ॲसिटिल गट चढला की अफूच्या ग्राहींवरील त्याची क्रिया नाहीशी होते, आणि उंदरांच्या पीयूषिकेच्या मधल्या भागात अशी ॲसिटिलयुक्त रूपे मोठ्या प्रमाणात असतात. मोजणीच्या पद्धतीने ही दोन्ही रूपे वेगळी केली नाहीत, तर आकडा मोठा दिसतो, परंतु अफूसदृश क्रिया तेवढी नसते. रक्तातील बीटा-एंडॉर्फिनवरून मनःस्थितीविषयी निष्कर्ष काढणारे जुने शोधनिबंध मी याच कारणाने जपून वाचतो.

दुसऱ्या शंकेचे उत्तर जनुकीय बदल केलेल्या उंदरांतून मिळाले. 1996 मध्ये रुबिनस्टीन व सहकाऱ्यांनी असे उंदीर तयार केले की ज्यांच्यात मूळ प्रथिनापासून एसीटीएच आणि एमएसएच व्यवस्थित बनत होते, केवळ शेवटचा बीटा-एंडॉर्फिनचा भाग गाळला होता. साध्या उंदरांना थोडा वेळ पोहायला लावले की त्या ताणामुळे त्यांची वेदना काही काळ बोथट होते आणि हा परिणाम नॅलोक्सोनने पुसता येतो. या बदललेल्या उंदरांत तो परिणाम नव्हता. मॉर्फिन दिल्यास मात्र त्यांचीही वेदना कमी होत असे, म्हणजे ग्राही शाबूत होते. एन्केफॅलिन आणि डायनॉर्फिन जागेवर असूनही ही उणीव भरून निघाली नाही, त्यामुळे हे काम बीटा-एंडॉर्फिनचेच म्हणता येते. त्याच वर्षी स्ट्रासबर्ग येथील ब्रिजिट कीफर यांच्या गटाने म्यू ग्राहीच नसलेले उंदीर तयार केले, आणि त्यांच्यात मॉर्फिनचे वेदनाशमन, त्याची ओढ व अवलंबित्व, तिन्ही आढळली नाहीत. पुढे 2004 मध्ये दिसले की अशा उंदरांची पिल्ले आईपासून दूर केल्यावर नेहमीइतकी ओरडत नाहीत. थंडीमुळे किंवा अनोळखी नराच्या वासामुळे ती नेहमीप्रमाणे प्रतिसाद देत होती. उणीव होती ती आईच्या विरहाच्या प्रतिसादात. पँकसेप यांनी 1978 पासून पिल्लांवरील अल्प मॉर्फिनचे प्रयोग करून, आईची ओढ अफूसदृश व्यवस्थेवर चालते अशी जी कल्पना मांडली होती, ती येथे एका जनुकाच्या पातळीवर तपासली गेली. गोठ्यावरून यांनी सांगितलेल्या माया लावण्याच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे पिल्लाच्या बाजूचा, हा आहे.

बीटा-एंडॉर्फिन नसलेल्या नर उंदरांत आणखी एक बदल आढळला, तो आपल्या मूळ प्रश्नाच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचा वाटतो. ते लठ्ठ झाले. आर्क्युएट केंद्रकातील एकाच चेतापेशीतून आल्फा-एमएसएच आणि बीटा-एंडॉर्फिन दोन्ही सुटतात. आल्फा-एमएसएच भूक आवरते. ज्यांच्यात जन्मतः हे संपूर्ण पूर्वप्रथिनच बनत नाही अशी मुले लहानपणापासून अतिशय लठ्ठ असतात, त्यांना एसीटीएचअभावी अधिवृक्क ग्रंथीची कमतरता असते आणि युरोपीय वंशाच्या मुलांचे केस लाल असतात. याचे पहिले वर्णन 1998 मध्ये जर्मनीतून आले. बीटा-एंडॉर्फिन मात्र प्रसंगी खाण्याला उत्तेजन देते, आणि येल येथील होरवाथ यांच्या गटाने 2015 मध्ये दाखवले की भांगेतील रसायनाप्रमाणे काम करणारे औषध दिले असता, पोट भरलेल्या उंदरांत याच ‘भूक आवरणाऱ्या’ पेशी आल्फा-एमएसएच न वाढवता बीटा-एंडॉर्फिन सोडू लागतात आणि उंदीर पुन्हा खाऊ लागतात. एकाच जनुकातून, एकाच पेशीत, परस्परविरुद्ध दोन संदेश तयार होतात आणि परिस्थितीनुसार त्यांपैकी कोणता सुटावा हे बदलू शकते. वर्गात फळ्यावर ते पूर्वप्रथिन एका आडव्या पट्टीने दाखवा, त्यावर एसीटीएच, त्याच्या आत आल्फा-एमएसएच आणि शेवटच्या टोकाला बीटा-एंडॉर्फिन अशा खुणा करा, आणि पट्टी कोठे कापली तर काय घडेल हे मुलांनाच विचारा. पट्टीच्या शेवटच्या तुकड्याची पहिली पाच अमिनो आम्ले लिहून दिलीत, तर त्यात मेथिओनिनयुक्त एन्केफॅलिन लपले आहे हे कोणीतरी नक्की ओळखेल. तेव्हा हेही सांगावे लागेल की क्रम जुळत असला तरी मेंदूतील एन्केफॅलिन येथून कापले जात नाही. त्याच्यासाठी 1982 मध्ये वेगळे जनुक सापडले आहे.